भिंतीला कान लावणारे वकील

आमचे घरमालक स्वतःच्या घरातसुद्धा हाक मारल्याशिवाय शिरत नसत. कोर्टातून आले की पायरीशी छत्री टेकवायची, उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि विचारायचं, "येऊ का?" आतून काकू म्हणायच्या, "नका येऊ. आज भात कमी आहे." तरी ते तसेच उभे. मग काकू पदराला हात पुसत दाराशी यायच्या. "या हो, या. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून पाहुणेच आहात!" तेव्हा कुठे त्यांचं पाऊल आत पडायचं.

ही इंदापुरातली गोष्ट, एकोणीसशे तीसच्या पुढच्या वर्षांतली. मी तिथल्या ठाण्यात साधा शिपाई होतो आणि वकीलसाहेबांच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत बायकोबरोबर भाड्यानं राहत होतो. पोलिसाला जागा द्यायला लोक कचरत. त्यातून हे आरोपींचे वकील. "उंदरानं मांजराला बिऱ्हाड दिलं," असं गाव म्हणे. मी जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती: "मागच्या बोळातून जवळ पडतं. तुम्ही वळसा घालून पुढच्या दारानं का आलात?" मी म्हणालो, "परक्याचं घर. मागनं कसं येनार?" एवढ्यावर जागा मिळाली.

अंगानं उंच, थोडे वाकलेले. काळा कोट उन्हानं विटून तांबूस झालेला. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते आधी तिचा रस्ता विचारीत. अशिलानं आंब्याची पाटी आणली, तर आंबे कुणाच्या झाडाचे, झाड कुणाच्या बांधावर, बांधाचा वाद तर नाही ना, इथपर्यंत चौकशी चाले. तोवर काकूंनी एक आंबा चिरलेला असे. शेजारच्यांची गाय एकदा आमच्या अंगणात शिरून शेण टाकून गेली. काकू गोवऱ्या थापायला बसणार, तोच हे आडवे आले. शेण गाईच्या मालकाचं, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारीण हसत म्हणाली, "ठेवा की वकीलसाहेब, आमच्या गाईची भेट समजा." तेव्हा गोवऱ्या झाल्या.

हे सगळं वेड त्यांच्या वकिलीतून आलं होतं की वकिली त्या वेडातून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. फौजदारी खटल्यात ते सरकारी साक्षीदाराला, आत काय सापडलं, हे फार विचारतच नसत. आत शिरलात कसे, हेच विचारीत. कुणाच्या परवानगीनं? पंच कुठून आणले? ते त्याच वस्तीतले अब्रूदार लोक होते, की फौजदारसाहेबांचा टांगेवाला आणि चहावाला? घरात बाया होत्या, त्यांना आधी बाजूला व्हायला सांगितलंत का? आम्ही पोलीस वैतागून जायचो. आमचे फौजदार म्हणायचे, "ह्या माणसाला चोर नको, चोरी नको, नुसतं दार पाहिजे."

संध्याकाळी ते ओट्यावर बसत. मी ठाण्यावरून आलो की म्हणत, "बसा शिपाईबुवा. आज कुणाचं दार मोडलंत?" मीही तेव्हा तरुण होतो, मला वाद घालायची हौस होती. एकदा मी म्हणालो, "वस्तू खरी सापडली ना? मग दार कुठलं का असेना."

"तुम्ही विलायतेचे झालात मग," ते म्हणाले. मुंबईहून त्यांचा भाचा कायद्याचे जुने अंक पाठवत असे, ते ओट्यावर पसरलेले असत. "तिकडचा न्यायाधीश असंच म्हणतो. वस्तू कशी आणलीत ते विचारत नाही, चोरून आणलीत तरी दाखवा म्हणतो. अमेरिकेत निराळं आहे. तिथल्या मध्यवर्ती सरकारचे पोलीस विनापरवाना घरात घुसले, तर कोर्ट त्यांनी आणलेली वस्तू बघतच नाही. फ्रान्सात तपास करताना नियम मोडला, तर तेवढे कागद खटल्यातून काढून टाकतात."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात?" त्यांनी हसत दारातून आत काकूंकडे बघितलं. "पोलिसापुढं दिलेली कबुली आपण पुराव्यात घेत नाही, कारण ती मारून घेतलेली असेल अशी भीती. पण त्या कबुलीवरून वस्तू निघाली, तर तेवढी कबुली आणि वस्तू दोन्ही घेतो. म्हणजे कांदा खात नाही, पण रश्शातला चालतो."

काकू आतून म्हणाल्या, "आणि आमचं घंगाळ कुठल्या कायद्यानं गेलं ते सांगा ना त्यांना."

घंगाळाची गोष्ट साऱ्या इंदापुराला पाठ होती. एका भुरट्या चोराला वकीलसाहेबांनी सोडवलं होतं. झडतीचे पंच दुसऱ्या गावचे निघाले म्हणून मॅजिस्ट्रेटांनी झडतीवर विश्वासच ठेवला नाही. त्याच माणसानं पुढच्या महिन्यात वकीलसाहेबांच्या न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ लांबवलं. ते कुठे आहे हे आम्हाला तासाभरात कळलं. मी म्हणालो, आत्ता जाऊन उचलून आणतो. तर हे म्हणाले, "नाही. दोन अब्रूदार पंच बोलवा, त्याला आधी सांगा, मग जा." पंच मिळेपर्यंत घंगाळ मोडीत गेलं. पुढं कितीतरी दिवस काकू घागरीनं अंघोळ करत आणि न्हाणीतून ओरडून सांगत, "आमचं घंगाळ अमेरिकेच्या कायद्यानं गेलं हो!"

त्या संध्याकाळी मात्र हसणं थांबल्यावर ते मला म्हणाले, "वस्तू बोलत नसते, शिपाईबुवा. ती कशी सापडली ते आणणारा सांगतो. आता तो जर आपण कसे शिरलो ते लपवत असेल, तर आत काय पाहिलं त्यातलंही काय सांगायचं ते तोच ठरवणार. आपल्याला कळणार कसं?"

मला तेव्हा ते वकिली बोलणं वाटलं.

निमगाव केतकीच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या देवळातला देवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. पंधरवडा उलटला तरी पत्ता नाही. वाडीचे लोक रोज ठाण्याच्या दारात येऊन बसत. "देवाला तोंड न्हाय आन तुमी पगार कसा खाताय?" असं एका म्हातारीनं फौजदारांना तोंडावर सुनावलं. फौजदार ते आमच्यावर काढत.

अशात एका सकाळी त्या वाडीचा रावजी ठाण्यावर आला. त्याचा पानमळा होता. शेजारी त्याच्या चुलतभावाचा, धोंडिबाचा मळा. मध्ये एक विहीर, आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद. रावजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "धोंड्याच्या कडब्याच्या गंजीत हात घालून बगा. आज निमगावचा बाजार हाय. घरदार समदं बाजाराला गेलंय."

"तुला कसं ठावं?"

"मला काय ठावं? लोक म्हंत्यात."

फौजदार म्हणाले, "जा. पण पंच घेऊन गेलास आणि हात हलवत परत आलास, तर मला तोंड दाखवू नकोस."

याचा अर्थ मला कळत होता. आम्हा शिपायांत एक रीत होती. आधी एकट्यानं जाऊन बघून यायचं. वस्तू असली तर जागच्या जागी ठेवायची. मग पंच घेऊन राजरोस जायचं आणि त्यांच्यासमोर ती पहिल्यांदाच सापडल्यासारखी काढायची. पंचांपुढं फजिती नको, एवढाच त्यात हेतू. सगळेच तसं करत. त्याला खोटं म्हणायचं असतं, हे आमच्या कुणाच्या मनातही येत नसे.

मी भर दुपारी गेलो. धोंडिबाच्या दाराला कडी होती. मागच्या काट्यांच्या कुंपणातून वाट करून गंजीपाशी गेलो आणि पेंढ्यांमध्ये हात घातला. हाताला गार लागलं. बाहेर काढलं तर गोणपाटात गुंडाळलेला मुखवटा. गोणपाट ओलं होतं. नुसतं दमट नाही, पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. पानमळेवाले तोडलेली पानं ताजी राहावीत म्हणून ओल्या गोणपाटात ठेवतात. मी मनाशी म्हणालो, पानवाल्याचं गोणपाट, ओलं असायचंच. मुखवटा होता तसा ठेवला आणि परत आलो.

ऊन कलल्यावर पंचांना घेऊन गेलो. तोवर धोंडिबा बाजारातून आला होता. त्याच्यादेखत मी गंजीत हात घातला. गोणपाट आता कडकडीत वाळलं होतं. मुखवटा बाहेर येताच धोंडिबानं आधी हात जोडले. "आरं देवा, तू माज्या हितं कसा आलास?" एवढंच तो म्हणाला. देवाला बघून हात जोडले, म्हणजे गुन्हा कबूलच झाला, असं पंचांपैकी एक जण म्हणाला.

वाळलेलं गोणपाट हातात घेतलं त्याच वेळी मला सगळं कळलं होतं. चैत्रातल्या उन्हात, कडब्याच्या कोरड्या गंजीत जे दोन-चार तासांत वाळलं, ते पंधरवडाभर ओलं राहिलेलं नव्हतं. ते त्याच दुपारी, मी यायच्या थोडं आधी कुणीतरी ठेवलं होतं. आणि धोंडिबा सकाळपासून बाजारात होता, हे सगळ्या बाजारानं पाहिलं होतं. पण हे सांगायचं, तर मी दुपारी तिथं होतो हेही सांगायला हवं होतं.

धोंडिबाची बायको वकीलसाहेबांकडे आली, पुढच्या दारानं. त्यांनी खटला घेतला. बारामतीच्या कोर्टात चालायचा होता. माझी साक्ष ज्या दिवशी होती त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी जेवायला बसलो, पण घास उतरेना.

बायको म्हणाली, "काय हुतंय? आज चार दिस झालं, ताटावरनं उठताय."

मी तिला सगळं सांगितलं. कुंपण, गंजी, कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी, मग पंचांसमोर निघालेलं कोरडं गोणपाट. ती चुलीपुढं बसूनच ऐकत होती. तिला समजायला माझ्याइतका वेळ लागला नाही.

"मंजी त्या मानसानं न्हाईच केलं."

"हळू बोल."

"हळू बोलते. तुमी उद्या काय सांगनार?"

"लिवलंय ते सांगनार."

"आन त्याची पोरं?"

मी ताट सरकवलं. थोड्या वेळानं दाराशी हाक आली. "शिपाईबुवा, येऊ का?"

बायको पटकन उठली. "या की, वकीलसाहेब."

ते आत आले, पण बसले नाहीत. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसत होता. आमच्या खोलीची आणि त्यांच्या कोठीची भिंत एकच होती, मातीची.

"मी तुमच्याकडनं एक गोष्ट चोरली," ते म्हणाले. "कोठीत पुस्तक शोधत होतो. पलीकडून गोणपाट असा शब्द आला आणि मी भिंतीला कान लावला. लावायला नको होता. जे घेतलंय ते मी परत करायला आलोय. उद्या मी ते वापरणार नाही." मग म्हणाले, "पण तुम्ही राजीखुशीनं दिलंत, तर मला हवं आहे. मी फक्त विचारीन. तुम्ही खरं सांगा. नोकरीचं काय होईल ते मी बघतो."

मी मान खाली घातली. ते माझ्या बायकोला नमस्कार करून गेले.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीत आम्ही नेहमीसारखे शेजारी शेजारी बसलो. मोटारीचा क्लीनर चेष्टेनं म्हणाला, "फिर्याद आन आरोपी एकाच बाकावर? मग बारामतीला जाता कशाला, हितंच मिटवा की!" वकीलसाहेब हसले. "ह्यांच्या मनात असलं तर मिटेल," ते म्हणाले. मी बाहेर बघत राहिलो. पणदऱ्याकडचा ऊस भरलेल्या गाड्या कॅनॉलच्या कडेनं चालल्या होत्या, त्या मोजल्यासारखं केलं.

कोर्टात सरकारी वकिलांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग वकीलसाहेब उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पंचांना घेऊन जाण्याच्या आधी तुम्ही त्या आवारात गेला होता?"

समोर फौजदार बसले होते. धोंडिबा पिंजऱ्यात उभा होता, त्याची नजर माझ्यावर नव्हती, वकीलसाहेबांवर होती. मी म्हणालो, "नाही."

"पुन्हा विचारू?" हे ते कोर्टाला म्हणाले नाहीत, मला म्हणाले.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "एकदा विचारलंत, उत्तर मिळालं. पुढं चला."

"पुढं काही नाही," म्हणून ते बसले.

मधल्या सुट्टीत ते कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली उभे होते. काकूंनी दिलेली भाकरी फडक्यात तशीच बांधलेली. धोंडिबाची बायको पोरं घेऊन थोड्या अंतरावर बसली होती. त्यातलं धाकटं पोर झाडाच्या लिंबोळ्या वेचत होतं आणि एक एक आणून वकीलसाहेबांच्या पायाशी ठेवत होतं. ते कितीतरी वेळ त्या पोराकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट काढला, घडी केली आणि खटल्यात मदतीला घेतलेल्या एका तरुण वकिलाच्या हातात दिला.

सुट्टीनंतर ते नुसत्या सदऱ्यावर कोर्टापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मी आरोपीचं वकीलपत्र सोडतो. मला साक्षीदार म्हणून घ्यावं."

कोर्टात कुजबुज झाली. त्यांनी शपथ घेतली आणि आदल्या संध्याकाळी जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. माझे शब्द होते ते. बायकोचेही, तिच्याच बोलीत.

सरकारी वकील उठले. ते बारामतीचेच, वकीलसाहेबांना चांगले ओळखणारे.

"भिंतीतून सहज ऐकू येतं का?"

ते 'हो' म्हणाले असते, तर कोर्टाला पटलं असतं. मातीची भिंत, कुणालाही पटलं असतं.

"सहज नाही. आवाज येतो, शब्द कळत नाहीत."

"मग आपल्याला शब्द कसे कळले?"

"मी भिंतीला कान लावला."

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकीलही हसू आवरत म्हणाले, "आपण? हाक मारल्याशिवाय स्वतःच्या घरात न शिरणारे आपण?"

"होय. मी चूक केली."

"असा पुरावा कोर्टानं बघू नये, असं आपणच आजवर सांगत आलात ना?"

"सांगत आलो. सरकारनं चोरून आणलेल्या पुराव्यानं माणसाला तुरुंगात घालू नये, असं सांगत आलो. आता प्रश्न माणूस सुटण्याचा आहे. माझ्या चुकीची शिक्षा मला करा, त्याला नको."

मॅजिस्ट्रेट भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्या बायकोला बोलावणं पाठवलं. दुसऱ्या तारखेला ती आली, नऊवारीचा पदर घट्ट लपेटून साक्षीला उभी राहिली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. नवऱ्यानं बायकोला खाजगीत सांगितलेलं, नवऱ्याची संमती असल्याशिवाय बायकोला कोर्टात सांगता येत नाही, असा कायदा आहे. मॅजिस्ट्रेटांनी मला विचारलं, "तुमची संमती आहे?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या एका शब्दानं धोंडिबा सुटला असता. वकीलसाहेब खरे ठरले असते.

मी म्हणालो, "नाही."

तिला एकही प्रश्न न विचारता खाली उतरवलं. जाताना ती मोटारीत माझ्या शेजारी बसली नाही, पुढं एका भाजीवालीजवळ बसली. त्यानंतर आमचा संसार चाळीस वर्षं झाला, चांगला झाला. पण मी ठाण्यातली काही गोष्ट सांगायला लागलो की ती हात वर करायची. "मला नगा सांगू. माज्यापाशी ठेवल्यालं कुनाच्या कामाला येत न्हाय."

निकालात मॅजिस्ट्रेटांनी लिहिलं की शिपायाची साक्ष सरळ आहे आणि तिला पंचांचा आधार आहे. ज्यानं स्वतःच चोरून ऐकल्याचं कबूल केलं, आणि ज्याचा आरोपीशी वकील म्हणून संबंध होता, त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. मी कसा शिरलो ते लपवलं, म्हणून मी सरळ. वकीलसाहेबांनी कान लावल्याचं सांगितलं, म्हणून ते खोटे.

धोंडिबाला सक्तमजुरी झाली. पानमळ्याला रोजचा हात लागतो. तो येरवड्याहून परत येईतो वेल वाळून गेले होते आणि विहिरीचं पाणी सगळं रावजीच्या मळ्याकडं वळलं होतं. धोंडिबा बायकापोरांना घेऊन कारखान्याच्या उसावर मजुरीला गेला. मला तो पुन्हा भेटला नाही. मुखवटा रावजीनंच ठेवला, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. मी ते पाहिलं नाही. गोणपाट ओलं होतं, एवढंच मी पाहिलं.

वकीलसाहेबांकडे त्यानंतर फौजदारी काम येईना. अशील वाचवायला भिंतीतून साक्ष काढणारा वकील, अशी त्यांची ख्याती झाली. काहींनी तर गोष्ट वाढवून सांगितली की त्यांनी भिंतीला भोक पाडलं होतं. ते अर्ज लिहून देत, दिवाणी कामं बघत. आपण खरं बोललो, असं त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. काकू तेवढ्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांनी एकदाच न विचारता घेतलं, आणि तेच खरं निघालं बघ." स्वातंत्र्य आलेलं वकीलसाहेबांनी पाहिलं नाही. मी जमादार झालो, पुढे चांगल्या नोंदीनं निवृत्त झालो.

गेल्या वर्षी बारामतीत नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत एक तरुण वकील जुन्या काळच्या गमती सांगत होता. भिंतीला कान लावणाऱ्या वकिलांची गोष्टही त्यानं सांगितली, नाव चुकवून, पण हशा तोच. त्या पंगतीत मी होतो आणि मी काही बोललो नाही. घरी आल्यावर हे लिहायला बसलो. तेव्हा, ज्यांना ती गोष्ट ठाऊक आहे त्यांच्यासाठी: पंचांच्या आधी मी त्या आवारात गेलो होतो. ते मी माझ्या बायकोला सांगितलं. वकीलसाहेबांनी कोर्टात सांगितलेला प्रत्येक शब्द आमच्या घरात बोलला गेला होता. कोर्टानं मागितलेली संमती मी आज देतो. बायको असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला. तो कोर्टाच्या कामाचा नाही.

निकालानंतर मी खोली सोडायचं म्हटलं. ते म्हणाले, "का? भाडेकरू म्हणून तुम्ही कुठे चुकलात?" उलट त्यांनी गवंडी बोलावला. कोठीच्या बाजूनं, स्वतःच्या जागेत, त्या भिंतीला लागून दुसरी विटांची भिंत घातली. कोठी इतकी अरुंद झाली की काकूंचं फडताळ आत मावेना. "मालक म्हणून माझी चूक," ते म्हणाले. "भाड्यानं द्यायची तर भिंत धड हवी."

गिलावा वाळला, तसे ते दाराशी आले. "शिपाईबुवा, एक विनंती. तुम्ही आत बसून काहीतरी बोला. मी पलीकडून बघतो ऐकू येतं का. तुमची हरकत नसेल तरच."

मी भिंतीसमोर उभा राहिलो. मग म्हणालो, "वकीलसाहेब, मी खोटं बोललो."

चुलीपुढं बसलेल्या बायकोचा हात थांबला.

पलीकडून काहीच आवाज नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, छातीतून. मग तिसऱ्यांदा, जवळजवळ ओरडून.

थोड्या वेळानं ते वळसा घालून दाराशी आले. चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसत होतं.

"चोख झालं काम. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बोललात ना तुम्ही?"

"बोललो."

मी पुढं आणखी बोलणार होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको. काय बोललात ते मला सांगू नका," ते म्हणाले. "ते तुमच्या घरातलं आहे."